नातीच्या बॅटचं रबर

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधल्या काळात दोन-तीन जणांनी "काका, तब्येत बरी आहे ना?" अशी चौकशी केली, त्यांचे मनापासून आभार. तब्येत ठणठणीत आहे. लिखाण थांबण्याचं कारण वेगळंच होतं. गेले दोन महिने आमच्या घरात एक वाद चालू होता आणि तो मिटेपर्यंत माझं कशातच लक्ष लागत नव्हतं. वाद इस्टेटीचा नाही, कुणाच्या लग्नाचा नाही. वाद होता टेबल टेनिसच्या बॅटला बॅकहँडच्या बाजूनं कोणतं रबर लावायचं याचा!

हसू नका. आमच्या नाशिकच्या वन्सं फोनवर हसल्याच. "दादा, रबर ते रबर, त्यात काय एवढं?" म्हणाल्या. त्यांना मी फोनवर जे समजावू शकलो नाही ते इथे लिहितो आहे. ज्यांना टी.टी.मधलं काही कळत नाही त्यांनीही वाचावं, कारण शेवटी हा विषय रबराचा कमी आणि शिकवण्याचा जास्त आहे. चौतीस वर्षं खडू हातात धरलेला माणूस दुसरं काय लिहिणार म्हणा!

तर झालं असं. आमची नात आता अकरा वर्षांची आहे. सातव्या वर्षापासून ती माझ्याबरोबर सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये खेळायला येते. आधी टेबलाच्या वर नुसतं तिचं डोकं दिसायचं. आता मला पळवते. दोन वर्षांपासून ती बाहेर एका सरांकडे शिकायला जाते. फोरहँड अजून कच्चा आहे, पण बॅकहँडला चेंडू आला की भिंतीला आपटल्यासारखा परत जातो. सर्वांच्या डोळ्यांत भरावा असा ब्लॉक आहे तिचा. एवढ्यावरून सरांनी सुचवलं की हिच्या बॅकहँडला लाँग पिंपल लावू या. चिरंजीवांना ते लगेच पटलं. "बाबा, वर्षभरात जिल्ह्यात नंबर येईल म्हणतात सर." मी म्हटलं, नको. आणि तिथून महाभारत सुरू झालं. सूनबाई तटस्थ. सौ.नी तेवढा एक प्रश्न विचारला, "तिला विचारलंत का कुणी?" विचारलं. नात म्हणाली, "मला गुलाबी हवं."

(गुलाबी मिळतं बरं का! पूर्वी एक बाजू काळी आणि दुसरी लालच लागायची. ऑक्टोबर २०२१ पासून लालऐवजी गुलाबी, जांभळं, हिरवं किंवा निळं चालतं. एक बाजू मात्र काळीच हवी.)

आता थोडं रबराबद्दल. बॅट म्हणजे मधे लाकूड आणि दोन्ही बाजूंना रबर, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण हे रबर म्हणजे दोन थर असतात. वर पातळ रबराचा पापुद्रा, त्याच्या एका अंगाला बारीक बारीक पुटकुळ्या, आणि खाली स्पंज. पुटकुळ्या आतल्या बाजूला, म्हणजे स्पंजाकडे वळवल्या की बाहेरून गुळगुळीत दिसतं, त्याला आपण प्लेन म्हणतो. पुटकुळ्या बाहेर ठेवल्या की ते पिंपल. त्या आखूड असल्या तर शॉर्ट पिंपल, लांब आणि लवचीक असल्या तर लाँग पिंपल. पापुद्रा, स्पंज आणि मधला गोंद मिळून जाडी ४ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. या चार मिलिमीटरांत सगळं राजकारण!

ब्लॉक आणि पंच या दोन फटक्यांत फरक काय ते सांगतो. समोरच्यानं वरची फिरकी देऊन जोरात चेंडू मारला, म्हणजे टॉपस्पिन केला, की आपण बॅट थोडी पुढे झुकवून, टप्पा पडल्या पडल्या चेंडूच्या वाटेत नुसती धरायची. जोर त्याचाच, आपण फक्त दिशा द्यायची. हा ब्लॉक. पंचमध्ये जोर आपला. चेंडू वर आला, फार फिरकी नाही असं दिसलं, की कोपरातून हात सरळ पुढे सोडायचा आणि बॅटचा सपाट भाग चेंडूवर ठोकायचा. घासायचं नाही, ठोकायचं. दार वाजवतो तसं. ब्लॉक करून करून समोरच्याला कंटाळा आणायचा, आणि त्यानं एखादा चेंडू ढिला टाकला की पंच. ही जोडी ज्याला जमली त्याला टेबलाजवळ उभं राहून भल्याभल्यांना दमवता येतं. माझ्यासारख्या पंचाहत्तरीला टेकलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाचा तर हाच एकमेव धंदा.

मौज अशी की या दोन फटक्यांना रबराकडून थोड्या वेगवेगळ्या गोष्टी हव्या असतात. ब्लॉकला हवं असतं शहाणं रबर, जे समोरच्याच्या फिरकीला फार भाव देत नाही. वरचा पापुद्रा फार चिकट, फार पकड घेणारा असेल तर समोरच्यानं दिलेली सगळी फिरकी तो पकडतो, आणि बॅटचा कोन जरासा चुकला की चेंडू उंच उडून टेबलाबाहेर. थोडक्यात, दुसऱ्यांच्या भांडणात पडायची सवय असलेलं रबर. पंचला हवं असतं भरवशाचं रबर. मी मारला तेवढाच जोर चेंडूला मिळाला पाहिजे, कमी नाही आणि जास्त तर मुळीच नाही.

इथे स्पंजाचा मऊकडकपणा येतो. गादीचं उदाहरण घ्या. मऊ गादीवर हळू बसलात तर छान वाटतं. धपकन बसलात तर खालची फळी लागते. मऊ स्पंजाचं तसंच आहे. हळू ब्लॉक करताना चेंडू छान रुततो, हाताला गोड वाटतं. पण जोरात पंच मारला की चेंडू स्पंज दाबून थेट लाकडापर्यंत पोचतो आणि मग तो कसा निघेल याचा नेम नाही. उलट फार कडक स्पंज घेतला तर पंच खणखणीत बसतो, पण त्याला मनगटात आणि कोपरात दम लागतो. अकरा वर्षांच्या मुलीच्या हातात किंवा चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजोबांच्या हातात तो दगडासारखा मुका राहतो. म्हणून माझं मत असं, की ब्लॉक आणि पंच हीच ज्याची भाजीभाकरी आहे त्यानं मधल्या कडकपणाचा स्पंज घ्यावा. हा कडकपणा अंशांत सांगतात, पण एक सावधगिरी. चिनी अंश आणि जर्मन अंश सारखे नाहीत. चिनी ३९ अंशांचं रबर जर्मन ३९ पेक्षा बरंच कडक असतं. नुसता आकडा बघून मागवलं आणि फसले, असे दोघे जण आमच्याच क्लबहाउसमध्ये आहेत.

दुसरी गोष्ट जाडी. स्पंज साधारण दीड मिलिमीटरपासून दोनच्या थोडं वरपर्यंत मिळतो. दुकानात गेलं की सगळे सर्वात जाड मागतात, कारण जाड म्हणजे वेगवान. अहो पण ब्लॉक करताना वेग समोरचा देतोच आहे की! त्यात आपल्या रबरानं आणखी भर घातली तर चेंडू टेबलावर राहणार कसा? मुलांना १.८, हात बसल्यावर २.०, आणि आमच्या वयाच्या मंडळींना १.५ सुद्धा पुरे. माझ्या बॅकहँडला गेली कित्येक वर्षं यासाकाचं मार्क फाइव्ह आहे. हे रबर १९६९ पासून बनतं आहे. म्हणजे मी कॉलेजात होतो तेव्हापासून! क्लबातली तरुण मुलं त्याला म्हातारं रबर म्हणतात. म्हणू देत. म्हाताऱ्यानं म्हाताऱ्याशी जमवून घेतलेलं आहे.

आताची नवी रबरं वेगळी आहेत, हेही सांगायला हवं. पूर्वी खेळाडू सामन्याआधी स्पीड ग्लू नावाचा उग्र वासाचा गोंद लावायचे. त्यानं स्पंज फुगून ताणला जायचा आणि चेंडू सुसाट सुटायचा. आम्ही गावाकडे सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन लावायचो, त्याचा वास अजून नाकात आहे. ती वाफ अंगाला घातक, म्हणून २००८ साली बीजिंग ऑलिंपिकनंतर तसल्या गोंदावर बंदी आली. आता पाण्यातला साधा गोंद. पण वेगाची चटक कुठे सुटते? तो ताण कारखान्यातच स्पंजामध्ये भरून मिळायला लागला. बटरफ्लायचं प्रसिद्ध टेनर्जी आलं तेही २००८ मध्येच. अशी रबरं टॉपस्पिन मारणाऱ्याला वरदान आहेत. पण नुसता ब्लॉक करणाऱ्या नवशिक्याच्या हातात ती म्हणजे पहिलीतल्या पोराला गिअरची सायकल. आणि किंमत! माझा पहिला पगार तीनशेच्या आसपास होता. आता तेवढ्यात रबर सोडाच, गोंदाची बाटलीसुद्धा येईल की नाही कोण जाणे.

आता मूळ मुद्दा, लाँग पिंपलचा. लांब पुटकुळ्या चेंडू लागला की वाकतात, चेंडू घसरतो आणि त्याची फिरकी बऱ्याच अंशी तशीच चालू राहते. समोरच्यानं वरची फिरकी दिलेली असते, चेंडू आता उलट दिशेनं जातो आहे, म्हणून त्याच्याकडे पोचताना तीच फिरकी खालची झालेली असते. तो बिचारा परत टॉपस्पिन मारायला जातो आणि चेंडू नेटमध्ये. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना हे कळतच नाही. त्यामुळे जिच्या बॅकहँडला लाँग पिंपल आहे ती मुलगी नुसती बॅट धरून उभी राहिली तरी दोन-तीन फेऱ्या सहज जिंकते. सरांचा हिशेब बरोबर होता. चिरंजीवांचाही.

मग मी नको का म्हणत होतो? त्याचं खरं कारण मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. इथे सांगतो.

१९८२ सालची गोष्ट. तालुक्याच्या गावी शाळेत मराठी शिकवायचो आणि संध्याकाळी मुलांचं टी.टी. बघायचो. एक टेबल, तेही पावसाळ्यात फुगलेलं. आठवीतला एक मुलगा होता, चपळ, डोळे तीक्ष्ण. त्याचा बॅकहँड कच्चा होता. तो शिकवायला सहा महिने लागले असते आणि आंतरशालेय स्पर्धा दीड महिन्यावर होत्या. माझ्या मुंबईच्या आतेभावानं मला एक युक्ती सांगितली आणि रबरही आणून दिलं. अँटी-स्पिन म्हणतात त्याला. दिसायला प्लेनसारखंच, पण पृष्ठभाग गुळगुळीत, फिरकीला दाद न देणारा. त्या काळी दोन्ही बाजूंना एकाच रंगाचं रबर चालायचं. त्यामुळे बॅट हातात फिरवली की समोरच्याला कळायचंच नाही की चेंडू कोणत्या बाजूनं आला. चीनचा त्साय झेनह्वा याच काळात अशाच बॅटनं खेळत होता. १९८१ आणि १९८३ अशा दोन्ही जागतिक स्पर्धांत तो एकेरीच्या अंतिम फेरीपर्यंत पोचला. मी म्हटलं, जगात चालतं तर आमच्या तालुक्यात का नाही?

मुलगा जिंकला. तालुका जिंकला, जिल्हा जिंकला. हेडमास्तरांनी प्रार्थनेच्या वेळी माझं नाव घेतलं. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्याचं कात्रण अजून आमच्या ट्रंकेत आहे. दोन-तीन वर्षं असंच चाललं. मी त्याला बॅकहँड शिकवला नाही, कारण गरजच पडली नाही. मग नियम बदलत गेले, आणि १९८६ पासून एक बाजू काळी, दुसरी लाल असं पक्कं ठरलं. आता समोरच्याला दिसायला लागलं की लाल आली की साधा चेंडू, काळी आली की अँटी. मुलगा तोपर्यंत कॉलेजात गेला होता. एका मोसमात तो अशा मुलांकडून हरायला लागला ज्यांना तो आधी झोपेत हरवत असे. पुढच्या वर्षी त्यानं खेळ सोडला.

मी तेव्हा नियमाला दोष दिला. आंतरराष्ट्रीय संघटनेला दोन शिव्या घातल्या. नाचता येईना अंगण वाकडे!

गेल्या दिवाळीत तो भेटायला आला होता. साठीकडे झुकलेला, शेतीच्या औषधांचं दुकान आहे, मुलगी डॉक्टर झाली आहे. पाया पडला. क्लबहाउसमध्ये नातीचा खेळ बघत आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. तिनं एक सुरेख ब्लॉक केला तेव्हा तो सहज म्हणाला, "सर, माझा बॅकहँड कधी झालाच नाही." तक्रार नव्हती त्यात. हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलला. पण मंडळी, मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्याला गाफील पकडणारं शस्त्र एकदाच चालतं. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच मुंबईत घडलेलं आहे. १९५२ च्या फेब्रुवारीत मुंबईत जागतिक टेबल टेनिस स्पर्धा झाल्या. (मी तेव्हा पाळण्यात होतो.) त्यात जपानचा हिरोजी सातो नावाचा चष्मेवाला खेळाडू जाड स्पंजाची बॅट घेऊन आला. तोवर सगळे कडक पुटकुळ्यांच्या रबरानं खेळत, चेंडूचा टकटक आवाज येई आणि त्या आवाजावरून फटक्याचा अंदाज बांधत. सातोच्या बॅटचा आवाजच येईना! युरोपातले एकेक नामवंत कोसळले आणि सातो जगज्जेता झाला. पण ते पद त्याला पुन्हा कधी मिळालं नाही. स्पंज सगळ्यांना कळला, आणि १९५९ साली नियम होऊन नुसता स्पंज बाद झाला. जपानी खेळाडू मात्र पुढे वर्षानुवर्षं जिंकत राहिले, कारण त्यांनी स्पंजाला साजेसा खेळ घडवला.

चिरंजीव काही गप्प बसणारे नव्हेत. माझाच मुलगा तो! म्हणाले, "बाबा, मग मनिका बत्राचं काय?" बिनतोड सवाल. मनिकाच्या बॅकहँडला लाँग पिंपल आहे आणि २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं एकेरीचं आणि सांघिक सुवर्ण मिळवलं. सिंगापूरच्या फेंग तियानवेईला एकाच स्पर्धेत दोनदा हरवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुसानला अयहिका मुखर्जीनं तर माझ्या त्या बदनाम अँटी-स्पिननंच चीनच्या सुन यिंगशाला नमवलं! हे सगळं लाल-काळ्या उजेडात, समोरच्याला सगळं दिसत असताना.

यावर मी दोन दिवस विचार केला. त्याचं म्हणणं खोटं नाही. तेव्हा माझं मत मला थोडं बदलावं लागलं. दोष पिंपलचा नाही, अँटीचाही नाही. या मुलींनी त्या रबराभोवती सगळा खेळ उभा केला आहे. मनिका बॅट फिरवते, बॅकहँडच्या बाजूला प्लेन आणून मारते, पिंपलनं नुसतं अडवत नाही तर आक्रमणही करते. तो अनेक वर्षांचा अभ्यास आहे. माझी चूक अशी की मी अभ्यासाऐवजी रबर दिलं. सरांनी जर म्हटलं असतं की पाच वर्षांचा हा असा बेत आहे, तर मी कदाचित तयार झालो असतो. पण "वर्षभरात नंबर" हे शब्द मी १९८२ मध्ये स्वतःच्या तोंडून ऐकलेले होते.

शेवटी मी एक मास्तरकीचा तोडगा काढला. म्हटलं, भांडण नको, परीक्षा घेऊ. क्लबातून आणि सरांकडून तीन बॅटी उसन्या घेतल्या. तिन्हींचं लाकूड साधं पाच थरांचं, म्हणजे तुलना बरी व्हावी. एकीला मऊ, जाड, सुसाट रबर. दुसरीला मधल्या कडकपणाचं १.८ चं प्लेन. तिसरीला लाँग पिंपल. सरांनी (हे मानलं पाहिजे त्यांना) टोपलीतून एकेक चेंडू काढून एकसारखे टॉपस्पिन दिले. प्रत्येक बॅटनं वीस ब्लॉक. मग ढिले चेंडू, वीस पंच. दुसऱ्या दिवशी बॅटींचा क्रम उलटा, म्हणजे थकव्याचा दोष एकाच बॅटीला नको. मी वही घेऊन बाजूला. चेंडू टेबलावर पडला की बरोबरची खूण, बाहेर गेला की बाण वर, नेटमध्ये गेला की बाण खाली.

दोन दिवसांचे चाळीस-चाळीस चेंडू मिळून निकाल असा. सुसाट रबर : ब्लॉक २१, पंच १९, चुकलेले बहुतेक सगळे बाण वर. मधलं रबर : ब्लॉक ३१, पंच २९. लाँग पिंपल : ब्लॉक ३५, पंच १३, आणि ते तेरा पंचही असे मऊ गेले की त्यांना पंच म्हणणं म्हणजे उदारपणा. यावरून जगाला काही सिद्ध होत नाही. एक मुलगी, दोन दिवस. पण आम्हाला जगाचं रबर निवडायचंच नव्हतं, तिचं निवडायचं होतं.

आणि आकड्यांपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच दिसली. पिंपलची बॅट हातात असतानाही चेंडू उंच आला की तिचा कोपर आपोआप पुढे जायचा. सरांनाही ते दिसलं. म्हणाले, "हिला ठोकायचंय." नुसतं अडवून धरणं हा तिचा स्वभाव नाही. ती ब्लॉक करते ती पंचची वाट बघत. अशा हाताला पिंपल लावायचंच तर पुढेमागे शॉर्ट पिंपल शोभेल. त्यात फिरकीचा त्रास कमी आणि सपाट फटका जोरदार जातो. जपानची मिमा इतो बॅकहँडला तेच वापरते, आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये तिनं मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेतलं. पण त्यात आपला चेंडू आपणच उचलून मारावा लागतो, म्हणून आधी प्लेनवर फटका तयार होऊ दे, चौदाव्या-पंधराव्या वर्षी बघू, असं ठरलं. आत्तापुरतं १.८, मधला स्पंज, प्लेन. रंग गुलाबी! रबरावर आंतरराष्ट्रीय संघटनेची खूण आहे ना ते तेवढं मी चष्मा लावून तपासलं, कारण ती नसली तर स्पर्धेत बॅट चालत नाही.

आता शेवट गोड व्हावा असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटत होतं. गेल्या महिन्यात जिल्ह्याच्या स्पर्धा झाल्या. नात दुसऱ्या फेरीत हरली. कुणाकडून? लाँग पिंपलवाल्या एका मुलीकडून! ११-९, ११-८, ११-९. चिरंजीव गाडी चालवताना एक शब्द बोलले नाहीत. मीही खिडकीबाहेर बघत होतो. माझ्या जुन्या पापाचं प्रायश्चित्त मी या पोरीकडून तर करून घेत नाही ना, असंही मनात आलं. खरं सांगतो, त्याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही.

पेट्रोल पंपाच्या जवळपास मागच्या सीटवरून आवाज आला. "आबा, तिच्या पिंपलवरून येतो ना, तो बॉल खाली फिरत येतो. मी नेहमीसारखी बॅट झाकली म्हणून नेटमध्ये गेला. थोडी उघडून ढकलला असता तर गेला असता." मग थोड्या वेळानं, "तिसऱ्या गेममध्ये दोनदा गेला पण."

गेला होता. मी पाहिलं होतं.

चिरंजीवांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. घरी आल्यावर न सांगता त्यांनी खालच्या क्लबहाउसची किल्ली मागून आणली आणि माझ्या मित्राची जुनी पिंपलची बॅट उसनी घेतली. तेव्हापासून रोज रात्री जेवणानंतर बापलेक खाली जातात. बाप पिंपलनं खेळतो, वाईट खेळतो, पण चेंडू खाली फिरत येतो एवढं नक्की. मी बाकावर बसून असतो. वही घेत नाही हल्ली.

तर वन्सं, रबर ते रबर नसतं. ज्याला ब्लॉक आणि पंच खेळायचा आहे त्यानं मधलं, फार चिकट नसलेलं, फार जाड नसलेलं रबर घ्यावं, उसनं घेऊन वीस-वीस चेंडू मोजून बघावं, आणि चूक कुठे जाते, वर की खाली, ते पाहून मगच पैसे खर्च करावेत. लहान मुलांच्या बाबतीत एक जास्तीचा प्रश्न विचारावा, की या रबरानं फटका शिकायला मदत होणार आहे, की फटका नसल्याचं झाकलं जाणार आहे? माझं मत चुकीचंही असेल. चिरंजीवांना अजून ते अर्धंच पटलेलं आहे. तुमच्यापैकी कुणी खेळत असेल, किंवा कुणाची मुलं खेळत असतील, तर तुमचा अनुभव जरूर कळवा.

त्या माझ्या विद्यार्थ्याला मी मागच्या आठवड्यात फोन केला होता. म्हटलं, पुण्याला येशील तेव्हा बॅट घेऊन ये, तुझ्या बॅकहँडचं बघू. तो हसला. "सर, आता या वयात?" म्हणाला. मी म्हटलं, मी तुझ्याहून सोळा-सतरा वर्षांनी मोठा आहे.

येतो म्हणालाय दिवाळीला. बघू.

असो. तूर्तास इतकंच. खाली किल्लीचा आवाज आला, म्हणजे मंडळी निघाली. मलाही जायला हवं.